जॅक द रिपरचे संशयित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘जॅक द रिपर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अज्ञात खुन्याने लंडनच्या ईस्ट एंडमध्ये १८८८ साली केलेल्या खुनांना आता शतक उलटून बराच काळ गेला. तरी दर काही वर्षांनी ‘अखेर रिपर सापडला’ अशी बातमी येतेच. इथे संशयितांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न घेतले आहेत. भर कागदपत्रांवर, तारखांवर आणि पुरावा कुठे तुटतो यावर आहे.

रिपरने नेमके किती खून केले?

पोलिसांच्या ‘व्हाइटचॅपल खून’ या फायलीत एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळातले ११ मृत्यू आहेत. त्यातले पाच एकाच माणसाने केले असं बहुतेक अभ्यासक धरतात. मेरी अॅन निकोल्स (३१ ऑगस्ट १८८८, बक्स रो), अॅनी चॅपमन (८ सप्टेंबर, २९ हॅनबरी स्ट्रीट), एलिझाबेथ स्ट्राइड (३० सप्टेंबर, बर्नर स्ट्रीट), कॅथरीन एडोज (त्याच रात्री, मायटर स्क्वेअर) आणि मेरी जेन केली (९ नोव्हेंबर, मिलर्स कोर्ट) या त्या पाच स्त्रिया.

पाचचा हा आकडा न्यायालयात ठरलेला नाही. सर मेलव्हिल मॅकनॉटन या अधिकाऱ्याने १८९४ मध्ये ‘पाच आणि फक्त पाच’ असं लिहिलं, तेव्हापासून तो रूढ झाला. ७ ऑगस्टला जॉर्ज यार्डमध्ये ३९ वार होऊन मेलेली मार्था टॅब्रम हीसुद्धा त्याचीच बळी असावी असं मानणारे बरेच आहेत. स्ट्राइडच्या पोटावर एकही वार नव्हता, त्यामुळे तिला यादीतून वगळणारेही आहेत. संशयित तपासताना हे आधी ठरवावं लागतं. टॅब्रम धरली तर सात ऑगस्टच्या रात्री संशयित कुठे होता हे शोधणं आलं. स्ट्राइड वगळली तर तिच्या खुनाच्या जागी दिसलेल्या माणसाचं वर्णन बाजूला पडतं.

पोलिसांना त्या वेळी कुणावर संशय होता?

खूप जणांवर. चीफ इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन याच्या १९ ऑक्टोबर १८८८ च्या अहवालावरून तपासाचा आवाका कळतो. ८०,००० पत्रकं वाटली होती, स्वस्त निवासगृहांतल्या दोन हजारांहून जास्त लोकांची चौकशी झाली होती, सुमारे ८० जणांना ताब्यात घेतलं होतं, ३०० हून अधिक जणांच्या हालचाली तपासल्या होत्या आणि ७६ खाटीक व कत्तलखानेवाल्यांकडे पोलीस जाऊन आले होते.

त्यातला सर्वात गाजलेला संशयित जॉन पायझर. चामड्याचं काम करणारा हा माणूस ‘लेदर अॅप्रन’ म्हणून बदनाम झाला आणि १० सप्टेंबरला सार्जंट विल्यम थिकने त्याला पकडलं. निकोल्सच्या खुनाच्या रात्री तो हॉलोवे रोडला होता. गोदीला लागलेल्या आगीचा उजेड पाहत उभा असताना तो एका पोलिसाशी बोललाही होता. चॅपमनच्या खुनाच्या वेळी तो लोकांच्या भीतीने नातेवाइकांच्या घरात दडून बसला होता. कोरोनरसमोर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) साक्ष देऊन त्याने आपलं नाव स्वच्छ केलं. तपास कसा व्हायला हवा याचं या प्रकरणातलं हे उत्तम उदाहरण आहे: रात्र पकडा, जागा पकडा, तिसऱ्या माणसाकडून खात्री करा.

आज ज्यांची चर्चा होते त्यातल्या बहुतेकांची नावं १८८८ सालच्या उपलब्ध कागदांत संशयित म्हणून सापडत नाहीत. ती सहा, पंधरा, पंचवीस वर्षांनी, किंवा थेट विसाव्या शतकाच्या शेवटी पुढे आली.

मॅकनॉटनचं टिपण एवढं महत्त्वाचं का?

कारण पोलीस दलातल्या वरिष्ठाने संशयितांची नावं लिहिलेला तो पहिला टिकून राहिलेला कागद आहे. फेब्रुवारी १८९४ मध्ये ‘द सन’ या वर्तमानपत्राने थॉमस कटबुश नावाच्या मनोरुग्णाकडे, त्याचं नाव न घेता, बोट दाखवलं. त्याला उत्तर म्हणून मॅकनॉटनने २३ फेब्रुवारीला हे टिपण तयार केलं. कटबुशपेक्षा या तिघांपैकी कुणीही जास्त संभवतो, असं म्हणून त्याने ड्रुइट, कॉस्मिन्स्की आणि ऑस्ट्रॉग ही नावं दिली. वाक्य नीट वाचावं. ‘या तिघांपैकी एक खुनी आहे’ असं तो म्हणत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, खून झाले तेव्हा मॅकनॉटन पोलिसात नव्हता. त्याची आधीची वर्षं बंगालमध्ये घरच्या चहामळ्यांची व्यवस्था पाहण्यात गेली होती. तिथल्या दंगलीत त्याला मारहाण झाली आणि त्या निमित्ताने बंगालचे पोलीस प्रमुख जेम्स मन्रो यांच्याशी ओळख झाली. पुढे मन्रो लंडनचे पोलीस कमिशनर झाले आणि त्यांनी जून १८८९ मध्ये मॅकनॉटनला स्कॉटलंड यार्डात घेतलं. म्हणजे टिपणातली माहिती ऐकीव आणि फायलीतून उचललेली आहे. तिच्यात चुका आहेत आणि त्या किरकोळ नाहीत.

माँटेग्यू ड्रुइट: नुसत्या आत्महत्येवरून संशय?

बऱ्याच अंशी हो. ड्रुइटचा मृतदेह ३१ डिसेंबर १८८८ रोजी चिझिकजवळ थेम्स नदीत सापडला. खिशांत दगड, ५० आणि १६ पौंडांचे दोन धनादेश, ब्लॅकहीथ ते लंडनचा पहिल्या वर्गाचा पास आणि १ डिसेंबरचं हॅमरस्मिथ ते चेअरिंग क्रॉस परतीचं अर्धं तिकीट होतं. शेवटचा खून ९ नोव्हेंबरचा, त्यानंतर तीन आठवड्यांनी या माणसाने जीव दिला आणि खून थांबले. मॅकनॉटनला हा मेळ पटला. शिवाय घरच्यांनाच त्याच्यावर संशय होता अशी ‘खासगी माहिती’ आपल्याकडे असल्याचं त्याने लिहिलं. ती माहिती काय होती हे कधीच उघड झालं नाही.

मॅकनॉटनच्या लेखी ड्रुइट डॉक्टर होता. प्रत्यक्षात तो वकील होता आणि ब्लॅकहीथच्या एका निवासी शाळेत शिकवायचा. टिपणाच्या दुसऱ्या प्रतीत त्याचं वय ४१ दिलं आहे, तो ३१ वर्षांचा होता. आत्महत्येचं कारण शोधायला खुनांपर्यंत जायचीही गरज नाही. शाळेतून त्याला नुकतंच काढून टाकलं होतं आणि आई त्याच वर्षी जुलैत वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली होती. आपणही आईसारखे होणार अशी भीती त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत होती.

क्रिकेटचा मुद्दा हमखास निघतो. ८ सप्टेंबरला सकाळी साडेअकरा वाजता ड्रुइट ब्लॅकहीथच्या रेक्टरी फील्डवर खेळायला उतरला होता, आणि चॅपमनचा खून त्याच दिवशी पहाटेचा. यावरून तो सुटत नाही, कारण मध्ये सहा तास होते. पण रात्रभर जागून, खून करून, अंगावरचं रक्त धुऊन, साडेअकराला पांढऱ्या कपड्यांत मैदानावर हजर राहणारा माणूस आपल्याला मानावा लागतो. शक्य आहे, संभाव्य वाटत नाही.

कॉस्मिन्स्की हाच रिपर, असं पोलिसांनीच म्हटलं आहे ना?

दोघांनी म्हटलं आहे, आणि म्हणूनच कागदावर त्याची बाजू सर्वांत भारी आहे. गुन्हे अन्वेषण विभागाचे प्रमुख सर रॉबर्ट अँडरसन यांनी १९१० मध्ये आठवणी छापल्या. खुनी पोलिश ज्यू होता, त्याला नीट पाहिलेल्या एकमेव साक्षीदाराने ओळखलं, पण साक्ष द्यायला नकार दिला, असं त्यांनी त्यात लिहिलं. नाव दिलं नाही. स्वॉन्सनने आपल्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने पुढची हकिकत टिपून ठेवली: ओळख परेड ‘सीसाइड होम’मध्ये झाली, संशयित भावाच्या घरी परतल्यावर सिटी पोलिसांनी (लंडनच्या मध्यवर्ती ‘सिटी’ भागाचं वेगळं पोलीस दल) रात्रंदिवस पाळत ठेवली, मग त्याला हात मागे बांधून वर्कहाउसमध्ये (निराधारांना ठेवण्याची जागा) आणि तिथून कोलनी हॅच मनोरुग्णालयात नेलं, आणि ‘थोड्याच दिवसांत तो मेला’. शेवटी वाक्य आहे: कॉस्मिन्स्की हाच संशयित होता. ही टीप १९८७ मध्ये लोकांसमोर आली.

मनोरुग्णालयाच्या नोंदींत त्या आडनावाचा जुळणारा माणूस एकच सापडतो: आरन कॉस्मिन्स्की, जन्म १८६५, पोलंडमधून आलेला न्हावी. तो ७ फेब्रुवारी १८९१ ला कोलनी हॅचमध्ये दाखल झाला. इथपर्यंत गाडी नीट चालते. पुढे अडते.

हा आरन ‘थोड्याच दिवसांत’ मेला नाही. १८९४ मध्ये त्याला लीव्हस्डेनच्या मनोरुग्णालयात हलवलं आणि तो २४ मार्च १९१९ ला वारला, म्हणजे स्वॉन्सनच्या समजुतीपेक्षा २५ वर्षांहून जास्त जगला. मॅकनॉटन त्याच्या दाखल होण्याची तारीख मार्च १८८९ च्या सुमाराची देतो, तीही चूक. सीसाइड होम म्हणजे होव्हचं पोलिसांचं विश्रामगृह मानलं तर ते १८९० च्या मार्चमध्ये सुरू झालं. म्हणजे अंधारात काही क्षण पाहिलेला चेहरा साक्षीदाराने सुमारे दीड वर्षाने किंवा त्याहूनही उशिरा ओळखला असं मानावं लागतं. डिसेंबर १८८९ मध्ये आरन तोंडाला मुसकं न बांधलेला कुत्रा रस्त्यावर फिरवल्याबद्दल न्यायालयात उभा राहिला आणि त्याला १० शिलिंग दंड झाला, अशीही नोंद आहे. पोलिसांची रात्रंदिवस नजर असलेला माणूस असा मोकळा फिरतोय हे चित्र जुळवून घ्यायला त्रास होतो.

त्याची रोगनोंद वाचली की दया येते. दुसऱ्याच्या हातचं खायला तो नकार द्यायचा आणि गटारातले पावाचे तुकडे उचलून खायचा. आपल्या हालचाली एक अंतःप्रेरणा चालवते असं सांगायचा. बहिणीला सुरी दाखवल्याची तक्रार एकदा झाली आणि परिचारकावर एकदा खुर्ची उगारली, हिंसेची नोंद एवढीच. कोलनी हॅचमध्येच ‘डेव्हिड कोहेन’ नावाने दाखल झालेला आणि १८८९ मध्ये मेलेला एक हिंसक रुग्ण होता. नावांची गल्लत होऊन अधिकाऱ्यांच्या मनात हे दोघे एक झाले असावेत, असा तर्क त्यामुळेच मांडला जातो. तर्क सुंदर आहे, पण तो तर्कच.

शालीवरच्या डीएनएने आरनचा गुन्हा सिद्ध झाला ना?

नाही. २००७ मध्ये लिलावात विकत घेतलेली एक रेशमी शाल कॅथरीन एडोजच्या मृतदेहाजवळ होती, असा दावा आहे. तिच्यावर मिळालेला मायटोकॉन्ड्रियल डीएनए एडोजच्या आणि कॉस्मिन्स्कीच्या मातृवंशातल्या हयात व्यक्तींशी जुळल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं आणि २०१९ मध्ये त्यावर शोधनिबंधही छापून आला. अडचणी एकामागोमाग एक आहेत.

पहिली अडचण शालीची. मृतदेहासोबतच्या वस्तूंची पोलिसांनी केलेली यादी टिकून आहे. त्यात साखरेचा, चहाचा डबा, साबणाचा तुकडा, सुया अशा बारीकसारीक पन्नासेक नोंदी आहेत, शाल नाही. घराण्याची आख्यायिका सांगते की ती मेट्रोपॉलिटन पोलिसांतल्या एका सार्जंटने घेतली. पण मायटर स्क्वेअर सिटी पोलिसांच्या हद्दीत होता, तिथे त्याचं काय काम?

दुसरी अडचण हाताळणीची. शंभराहून जास्त वर्षं ही शाल किती हातांतून गेली याचा हिशेब नाही. तुलनेसाठी नमुने देणारे वंशजही तिच्या जवळपास होते.

तिसरी, आणि सर्वांत गंभीर, जनुकशास्त्राची. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून येतो आणि एकाच मातृवंशातल्या हजारो लोकांत तो सारखाच असतो. त्याने एखाद्याला वगळता येतं, नेमकं ओळखता येत नाही. २०१४ च्या दाव्यातलं जे ‘दुर्मीळ’ लक्षण एडोजशी जोडलं होतं, ते लिहिताना क्रमांकाची चूक झाली होती. बरोबर क्रमांक धरला तर तेच लक्षण युरोपीय वंशाच्या जवळजवळ सगळ्यांत आढळतं.

मायकेल ऑस्ट्रॉग?

बाद. हा भुरटा चोर आणि तोतया डॉक्टर २६ जुलै १८८८ ला पॅरिसमध्ये दुसऱ्या नावाने पकडला गेला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला शिक्षा झाली. खून होत होते तेव्हा तो फ्रेंच कोठडीत होता. मॅकनॉटनला हे माहीत नव्हतं. त्याच्या इतर दोन नावांवर किती विसंबायचं ते यावरून ठरवावं.

टम्बल्टी कोण, आणि तो इतक्या उशिरा का उगवला?

फ्रान्सिस टम्बल्टी हा जडीबुटी विकणारा अमेरिकन भोंदू डॉक्टर. १८८८ मध्ये तो लंडनमध्ये होता. ७ नोव्हेंबरला समलैंगिक संबंधांच्या आरोपाखाली त्याला अटक झाली, जामीन मिळाला, आणि तो फ्रान्समार्गे खोट्या नावाने न्यूयॉर्कला पळाला. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्याचा रिपरशी संबंध तेव्हाच जोडला होता. नंतर तो विस्मृतीत गेला. स्पेशल ब्रँचचा माजी प्रमुख जॉन लिटलचाइल्डने १९१३ मध्ये एका पत्रकाराला लिहिलेलं पत्र १९९३ मध्ये सापडलं आणि त्यात ‘फार संभाव्य संशयित’ म्हणून टम्बल्टीचं नाव होतं, तेव्हा तो परत वर आला.

कळीचा प्रश्न एकच: ९ नोव्हेंबरच्या पहाटे तो मोकळा होता का? ७ ला अटक, १६ ला जामीन, एवढं स्पष्ट आहे. मधल्या दिवसांत पोलिसांनी त्याला तात्पुरतं सोडलं होतं की नाही यावर सगळं अडतं. शिवाय तो पन्नाशी ओलांडलेला, अंगापिंडाने आडवातिडवा, भल्यामोठ्या मिशांचा माणूस होता. साक्षीदारांनी पाहिलेला पुरुष बहुतेक वर्णनांत साडेपाच फुटांच्या आसपासचा आहे.

अॅबरलाइनला कोण वाटत होता?

इन्स्पेक्टर फ्रेडरिक अॅबरलाइन हा रस्त्यावरच्या तपासाचा प्रमुख. निवृत्तीनंतर, १९०३ मध्ये, त्याने ‘पॉल मॉल गॅझेट’ला मुलाखत दिली आणि जॉर्ज चॅपमनकडे बोट दाखवलं. चॅपमनचं खरं नाव सेव्हेरिन क्लोसोव्स्की. हा पोलंडमध्ये शस्त्रक्रियेचं काही शिक्षण घेतलेला न्हावी होता. त्याने तीन स्त्रियांना अँटिमनी हे विष घालून मारलं आणि ७ एप्रिल १९०३ रोजी त्याला फाशी झाली.

तो १८८८ मध्ये ईस्ट एंडमध्ये होता, शस्त्रक्रियेचं ज्ञान होतं, आणि खुनी तर तो होताच. मग आडवं काय येतं? पद्धत. रस्त्यावर अनोळखी बाईचा गळा चिरणारा माणूस पुढे घरात राहून महिनोन्महिने थेंबाथेंबाने विष देणारा होतो, हा बदल फार मोठा आहे. अशक्य म्हणवत नाही, पण दुसरं उदाहरण शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. त्याच मुलाखतीत अॅबरलाइनने आणखी एक सांगितलं: बुडून मेलेला तरुण किंवा मनोरुग्णालयात मेलेला वेडा हाच रिपर होता, या गोष्टींत तथ्य नाही, आणि स्कॉटलंड यार्डला पंधरा वर्षांपूर्वी होती त्याहून जास्त माहिती आजही नाही. ड्रुइट आणि कॉस्मिन्स्कीच्या बाजूने बोलणारे हा भाग सहसा सांगत नाहीत.

राजपुत्र, राजवैद्य आणि फ्रीमेसन (एका गुप्त बंधुसंघाचे सभासद) यांची कहाणी?

ती सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत पोकळ. व्हिक्टोरिया राणीचा नातू प्रिन्स अॅल्बर्ट व्हिक्टर (१८८९-९० मध्ये मुंबईत उतरून हिंदुस्थानचा दौरा करणारा तोच) याच्यावरचा संशय छापील रूपात १९६० च्या दशकाआधी दिसत नाही. त्याचा दिनक्रम दरबारी परिपत्रकात रोज छापला जायचा. निकोल्सच्या वेळी तो यॉर्कशरमध्ये, चॅपमनच्या वेळी यॉर्कच्या छावणीत, स्ट्राइड आणि एडोजच्या वेळी स्कॉटलंडमध्ये, केलीच्या वेळी सँड्रिंगहॅमला होता.

राजवैद्य सर विल्यम गल तेव्हा ७१ वर्षांचे होते आणि त्यांना १८८७ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. राजपुत्राचं गुप्त लग्न लपवण्यासाठी गलनी खून केले ही कथा ज्या माणसाने सांगितली, त्यानेच १९७८ मध्ये ती बनावट असल्याचं वर्तमानपत्रात कबूल केलं. मात्र कबुलीजबाब कथेइतका दूर पोहोचला नाही.

मेब्रिकची डायरी खरी की बनावट?

बनावट. लिव्हरपूलचा कापसाचा व्यापारी जेम्स मेब्रिक मे १८८९ मध्ये मेला आणि विषप्रयोगाच्या आरोपावरून त्याची बायको फ्लोरेन्स दोषी ठरली. १९९२ मध्ये त्याची म्हणून एक डायरी पुढे आली. वहीची सुरुवातीची पानं फाडलेली आहेत. अक्षर त्याच्या मृत्युपत्राशी जुळत नाही. जिने ती पुढे आणली त्या व्यक्तीने १९९४ मध्ये आपणच ती रचल्याचं सांगितलं, मग शब्द फिरवला, मग पुन्हा सांगितलं.

या सगळ्यापेक्षा एक लहानसा तपशील जास्त बोलतो. एडोजच्या वस्तूंच्या पोलिसी यादीत कारकुनी ढंगाची नोंद आहे: ‘टिनची काडेपेटी, रिकामी’. डायरीतही नेमके तेच शब्द त्याच क्रमाने येतात. ही यादी छापून सर्वांसमोर आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. खुन्याने स्वतःच्या आठवणीत पोलीस कारकुनाची वाक्यरचना का वापरावी?

मृतदेह ज्याला सापडला तोच खुनी? लेचमेअरबद्दल काय?

अलीकडे याचं नाव फार घेतलं जातं. चार्ल्स लेचमेअर हा पिकफर्ड कंपनीचा गाडीवान. ३१ ऑगस्टला पहाटे पावणेचारच्या आत तो डव्हटन स्ट्रीटहून कामावर जाताना बक्स रोमध्ये निकोल्सच्या देहाजवळ उभा असलेला रॉबर्ट पॉलला दिसला. कोरोनरसमोर त्याने ‘क्रॉस’ हे सावत्र वडिलांचं आडनाव सांगितलं. थोड्या वेळाने कॉन्स्टेबल नील आला तेव्हा जखमेतून रक्त झिरपत होतं, म्हणजे खून ताजा होता.

सिद्धांताची ताकद इथे आहे: हा माणूस घटनास्थळी होता हे निर्विवाद, आणि असं दुसऱ्या कुठल्याही संशयिताबद्दल म्हणता येत नाही. पण कुणाला तरी देह सापडणारच होता. अंधारात पॉलच्या पायांचा आवाज ऐकून निघून जायला त्याला वाव होता. तो थांबला, पॉलला हाक मारून देहाजवळ नेलं, मग दोघांनी जाऊन कॉन्स्टेबल मायझनला सांगितलं. आडनाव दुसरं दिलं तरी घरचा पत्ता आणि मालकाचं नाव खरंच दिलं.

चॅपमनच्या खुनाची वेळ इथे निर्णायक ठरते. डॉ. बॅगस्टर फिलिप्सनी साडेसहाला देह तपासून मृत्यू किमान दोन तास आधीचा, म्हणजे साडेचार किंवा त्याआधीचा सांगितला. पण रिचर्डसन नावाचा माणूस पावणेपाचच्या सुमारास त्याच मागच्या पायरीवर बसून बूट नीट करत होता आणि त्याला देह दिसला नाही. शेजारच्या कॅडॉशला सव्वापाचनंतर कुंपणापलीकडे आवाज आला, तर एलिझाबेथ लाँगने साडेपाचला चॅपमनला एका पुरुषाबरोबर पाहिल्याचं सांगितलं. थंडीत, इतकं रक्त गेलेल्या देहाचं तापमान हाताने जोखून वेळ काढण्याची तेव्हाची पद्धत फसवी होती. साक्षीदार बरोबर असतील तर खून साडेपाचचा, आणि चारला कामावर हजर असणाऱ्या लेचमेअरला तिथे आणणं अवघड जातं.

खुनी डॉक्टर होता का?

तेव्हाच्या डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. चॅपमनला तपासणाऱ्या फिलिप्सना शरीररचनेचं ज्ञान दिसलं. एडोजच्या देहातून डावं मूत्रपिंड काढलेलं होतं, त्यावरून डॉ. गॉर्डन ब्राउनही त्याच बाजूला झुकले, पण असं ज्ञान जनावरं कापणाऱ्यालाही असू शकतं असं त्यांनी म्हटलं. डॉ. टॉमस बाँडनी १० नोव्हेंबरच्या अहवालात नेमकं उलट लिहिलं: शस्त्रक्रियेचं सोडाच, खाटकाचंही कसब दिसत नाही. म्हणून ‘तो डॉक्टर होता, म्हणून संशयित’ हे वाक्य कुठे वाचलं तर तिथेच थांबावं.

चेहरा कुणी पाहिला होता?

सर्वात उपयोगी साक्ष जोसेफ लॅवेंडेची. ३० सप्टेंबरला १ वाजून ३५ मिनिटांनी त्याने मायटर स्क्वेअरच्या तोंडाशी एका बाईला पुरुषाबरोबर पाहिलं. पुरुष तिशीचा, फिक्कट मिशीचा, टोपी आणि गळ्याला लालसर रुमाल, खलाशासारखा. दहा मिनिटांत एडोजचा देह सापडला. पण लॅवेंडेने बाईला कपड्यांवरूनच ओळखलं आणि त्या पुरुषाला पुन्हा पाहिलं तर ओळखणार नाही असं सांगितलं.

जॉर्ज हचिन्सनची साक्ष नेमकी उलट, फार तपशीलवार आहे. कॉलरला अस्त्रखान (कोकराची कुरळी लोकर) लावलेला कोट, सोन्याची साखळी, टायला घोड्याच्या नालेची पिन, हे सगळं रात्री दोन वाजता, अंधुक दिव्याखाली. तो केलीची चौकशी आटोपल्यावर १२ नोव्हेंबरला संध्याकाळी पुढे आला. अॅबरलाइनचा त्याच्यावर विश्वास बसला, आज बहुतेकांचा बसत नाही. काही जण त्यालाच संशयित मानतात.

‘डिअर बॉस’ पत्रावरून कुणाचं अक्षर जुळवता येईल का?

जुळवून उपयोग नाही. ‘जॅक द रिपर’ हे नाव ज्या पत्रातून आलं ते सेंट्रल न्यूज एजन्सीला २७ सप्टेंबरला मिळालं आणि वरिष्ठ पोलिसांच्या मते ते एका पत्रकाराने लिहिलं होतं. लिटलचाइल्डने तर त्याच एजन्सीच्या माणसाचं नाव घेतलं. पत्र खुन्याचं नसेल तर अक्षर जुळूनही हाती लागेल तो पत्रकार.

चित्रकार सिकर्ट, डॉ. क्रीम, विल्यम बरी?

वॉल्टर सिकर्टने खुनांच्या विषयावर चित्रं काढली, पण १८८८ च्या उन्हाळ्याच्या शेवटी तो फ्रान्समध्ये होता असं कुटुंबाच्या पत्रांवरून दिसतं. टॉमस नील क्रीम जुलै १८९१ पर्यंत अमेरिकेत इलिनॉयच्या तुरुंगात होता, विषय संपला.

विल्यम बरीला मात्र मिळतं त्याहून जास्त लक्ष मिळायला हवं. तो लंडनमध्ये बो भागात राहत होता, जानेवारी १८८९ मध्ये डंडीला गेला, तिथे फेब्रुवारीत बायकोचा गळा आवळून तिच्या पोटावर वार केले आणि एप्रिलमध्ये फासावर चढला. वेळ, अंतर, सुरी, पोटावरचे वार, खून थांबण्याचं कारण, सगळं बसतं. तो बायकोचा खुनी होता, हे मात्र रिपर असण्याहून वेगळं आहे, आणि त्या रात्रींशी त्याला जोडणारा धागा सापडलेला नाही.

आज नव्याने तपास केला तर उलगडेल का?

भौतिक पुरावा जवळपास उरलेला नाही. मानवी रक्त प्राण्याच्या रक्तापासून ओळखण्याची चाचणी १९०१ ची, स्कॉटलंड यार्डाचा ठशांचा विभागही १९०१ चा. घटनास्थळी फोटो काढले ते फक्त केलीच्या खोलीत. गोलस्टन स्ट्रीटवर एडोजच्या एप्रनचा तुकडा सापडला त्या दाराशी खडूने लिहिलेली ज्यूंबद्दलची ओळ होती, ती ज्यूंविरुद्ध दंगल पेटेल या भीतीने कमिशनर सर चार्ल्स वॉरन यांच्या हुकुमावरून, फोटो काढण्याआधीच, पहाटे पुसली गेली.

नवा संशयित जाहीर झाला की काय तपासायचं?

आधी पाच तारखा लिहा आणि प्रत्येकीसमोर तो माणूस कुठे होता ते लिहा. एक रात्र जरी परगावची, तुरुंगातली किंवा इस्पितळातली निघाली तर पुढे वाचू नका. ही पायरी बरेचसे दावे बाद करते. मग पाहा, त्याचं नाव रिपरशी पहिल्यांदा कुठल्या वर्षी आणि कुणी जोडलं. १८८८ चा अहवाल, १८९४ चं टिपण आणि १९९२ ची वही यांचं वजन सारखं नसतं. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, तेही पाहा. मग त्याच कागदातली तपासता येतील अशी विधानं तपासा: वय, व्यवसाय, मृत्यूची तारीख. ती चुकली असतील तर न तपासता येणाऱ्या विधानांवरही विश्वास कमी करा. शेवटी, ‘त्याला बायकांचा तिरस्कार होता’ यासारखी कारणं बाजूला ठेवा. ती १८८८ च्या लंडनमधल्या हजारो पुरुषांना लागू पडतील.

मूळ कागद कुठे पाहायला मिळतात?

मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या फायली लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: फाइल क्रमांक मेपो ३/१४० ते ३/१४२, आणि गृहखात्याच्या एचओ १४४/२२० व २२१. त्यांतले बरेच कागद हरवले किंवा चोरीला गेले आहेत. संशयितांच्या फायलीतलं फारच थोडं उरलं आहे. सिटी पोलिसांच्या नोंदी दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांत नष्ट झाल्या. एडोज आणि केली यांच्या कोरोनर चौकशीचे मूळ जबाब ‘द लंडन अर्काइव्ह्ज’मध्ये (पूर्वीचं लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्ह्ज) आहेत. निकोल्स, चॅपमन आणि स्ट्राइडच्या चौकश्या कोरोनर विन बॅक्स्टरकडे झाल्या. त्यांची कागदपत्रं टिकली नाहीत, म्हणून तिथे वर्तमानपत्रांच्या वृत्तांतावर अवलंबून राहावं लागतं. ‘डेली टेलिग्राफ’ आणि ‘द टाइम्स’चे वृत्तांत शेजारी ठेवून वाचा. एकाच साक्षीदाराच्या तोंडी वेळेचे आकडे दोन ठिकाणी वेगळे पडलेले तिथे दिसतील.